डावरा शिपाई : जुने लष्करी फोटो कसे वाचावेत?

मित्रांनो, गेल्या वर्षी सेमिनारसाठी मी 'फेस रेकग्निशन' हा विषय घेतला. वर्गातल्या आणखी सात जणांनी तोच घेतला होता! यादी बघून सर म्हणाले, "तुझ्यात वेगळं काय आहे ते शुक्रवारपर्यंत सांग, नाहीतर विषय बदल." वेगळं काहीतरी शोधता शोधता मी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या डिजिटल संग्रहात जाऊन पोचलो. तिथे दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन शिपायांचे स्टुडिओत काढलेले फोटो आहेत. मोठ्या रिझोल्यूशनमध्ये, आणि चक्क फुकट. म्हटलं, बाकीचे सगळे सिनेमावाल्यांचे चेहरे घेतायत, आपण हे घेऊ.

पहिलाच फोटो होता एका विशीतल्या पोराचा. उंच टोपी, छातीवर एकमेकांना छेद देणारे दोन पांढरे पट्टे, डाव्या हातात बंदूक, उजव्या कमरेला संगीन. मी वहीत लिहून मोकळा झालो, 'शिपाई डावरा'. सरांनी वही बघितली आणि एकच प्रश्न विचारला, "बक्कल वाचलंस का?"

झूम केलं. पट्ट्याच्या बक्कलवर तीन अक्षरं होती, पण नीट लागेनात. मग डोक्यात प्रकाश पडला. ती एस, एन, वाय होती, म्हणजे 'स्टेट ऑफ न्यूयॉर्क', पण आरशात दिसावीत तशी उलटी. शिपाई डावरा नव्हताच, फोटो उलटा होता!

त्या दिवशी एक गोष्ट पक्की समजली. फोटोतल्या माणसाला ओळखायचं असेल तर आधी तो फोटो कसा तयार झाला ते समजून घ्यावं लागतं. नाहीतर आपण पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर काढतो. हा लेख त्याबद्दलच आहे. थोडं फिजिक्स, थोडी केमिस्ट्री, थोडा इतिहास. घाबरू नका, इंटर्नल्सला येणार नाही.

हे शिपाई होते तरी कोण?

'मिलिशिया' म्हणजे कायमची पगारी फौज नव्हे. एरवी आपापला कामधंदा करणारे आणि गरज पडली की बंदूक घेऊन उभे राहणारे हे नागरिक. अमेरिकेतल्या १७९२ च्या कायद्याप्रमाणे १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या पुरुषाने मिलिशियात नाव नोंदवायचं होतं आणि बंदूकही स्वतःचीच आणायची होती. ('गोऱ्या' हा शब्द लक्षात ठेवा. शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.)

पुढे ही सक्तीची मिलिशिया नावापुरती उरली. तिची जागा घेतली हौशी, स्वयंसेवी कंपन्यांनी. गावातले कारकून, दुकानदार, कारागीर एकत्र यायचे, कंपनी काढायचे, तिला झोकदार नाव द्यायचे आणि गणवेश स्वतःच ठरवायचे. आपल्याकडची ढोल-ताशा पथकं कशी आपापला पेहराव ठरवतात, साधारण तसं. त्यामुळे राष्ट्रीय सैन्याचा रंग गडद निळा असला तरी मिलिशियाच्या गणवेशाला काही धरबंध नव्हता. न्यूयॉर्कची सातवी रेजिमेंट राखाडी कपड्यांसाठी प्रसिद्ध होती. तिथल्याच ७९ व्या रेजिमेंटचा थाट स्कॉटिश होता, कवायतीच्या पोशाखात चौकड्यांचा किल्टसुद्धा! १८६० च्या उन्हाळ्यात एल्मर एल्सवर्थ नावाच्या तरुणाने शिकागोच्या 'झुआव्ह कॅडेट्स'ना घेऊन शहराशहरांत कवायतीचे प्रयोग केले. अल्जीरियातल्या फ्रेंच झुआव्ह पलटणींची ही नक्कल : ढगळ विजारी, आखूड जाकिटं, कमरेला रुंद पट्टा. मग जागोजागी झुआव्ह कंपन्या निघाल्या.

हा सगळा थाट फक्त परेडपुरता होता तोवर ठीक होतं. एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. १५ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ७५,००० मिलिशिया शिपाई तीन महिन्यांसाठी बोलावले. पोरं होती त्या गणवेशात निघाली. निघण्याआधी बऱ्याच जणांनी एक काम केलं : स्टुडिओत जाऊन फोटो काढला. एक घरी ठेवायला, आईसाठी, बायकोसाठी. परत येऊ न येऊ.

गणवेशाच्या गोंधळाची किंमत त्याच वर्षी २१ जुलैला बुल रनच्या लढाईत मोजावी लागली. दक्षिणेकडची ३३ वी व्हर्जिनिया रेजिमेंट निळ्या कपड्यांत पुढे आली. उत्तरेच्या तोफखान्याला वाटलं, आपलीच माणसं. तोफा थांबल्या, आणि गेल्या. उलट उत्तरेच्या दुसऱ्या विस्कॉन्सिन रेजिमेंटचे कपडे राखाडी होते, म्हणून तिच्यावर आपल्याच बाजूने गोळ्या झाडल्या गेल्या. गणवेश वाचण्यात चूक झाली की माणसं मरत होती. आज त्याच चुकीने माणसं मरत नाहीत, पण त्यांची नावं मात्र हरवतात.

फोटो कशावर काढलाय?

मटेरियल सायन्सवाल्यांनी इथे कान टवकारावेत. त्या काळातला फोटो हातात आला की पहिला प्रश्न 'कोणाचा?' हा नसतो, 'कशावर?' हा असतो.

१) डगेरोटाइप : १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झालेली पद्धत. चांदीचा मुलामा दिलेला, आरशासारखा घासलेला तांब्याचा पत्रा. त्यावर आयोडीनची वाफ, कॅमेऱ्यात एक्स्पोजर, मग पाऱ्याची वाफ. ओळखायची खूण म्हणजे पत्रा हातात तिरका केला की फोटो कधी पॉझिटिव्ह, कधी निगेटिव्ह दिसतो, आणि मध्येच आपलाच चेहरा दिसतो. १८४६-४८ च्या मेक्सिको युद्धाच्या काळातले शिपाई याच पत्र्यांवर भेटतात. यावर बोट किंवा कापूस फिरवायचा नाही. प्रतिमा इतकी नाजूक असते की पुसली जाते.

२) अँब्रोटाइप : काचेवरचा फोटो. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने 'वेट कोलोडियन' पद्धत प्रसिद्ध केली, तिचंच हे एक रूप. काचेवर कमी एक्स्पोजरची फिकट निगेटिव्ह बनवायची आणि मागे काळं काहीतरी लावायचं. काळ्या पार्श्वभूमीवर चांदीचे कण उजळ दिसतात आणि निगेटिव्हची पॉझिटिव्ह होते. किती साधी युक्ती!

३) टिनटाइप : काचेऐवजी काळं व्हार्निश दिलेला पातळ लोखंडी पत्रा. १८५६ साली ओहायोतल्या केन्यन कॉलेजचे प्राध्यापक हॅमिल्टन स्मिथ यांनी याचं अमेरिकन पेटंट घेतलं. (बघा, कॉलेजातलं संशोधन!) नावात टिन आहे, पण कथील औषधालाही नाही. हा फोटो फुटत नाही, त्यामुळे खिशात राहतो, पाकिटातून टपालाने जातो. शिपायांमध्ये तो लोकप्रिय का झाला हे वेगळं सांगायला नको.

४) कार्त द व्हिजित : कागदी फोटो. काचेच्या निगेटिव्हवरून अल्ब्युमेन, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर प्रिंट काढायची आणि जाड कार्डावर चिकटवायची. आकार साधारण अडीच इंच बाय चार इंच. १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरीने याचं पेटंट घेतलं. पहिल्या तीन पद्धतींत एका वेळी एकच फोटो तयार होतो, त्याची निगेटिव्ह नसते. इथे हव्या तेवढ्या प्रती.

टिनटाइप आणि अँब्रोटाइप बऱ्याचदा एकसारख्या डबीत, काचेमागे बसवलेले असतात आणि नुसत्या नजरेने फरक कळत नाही. मग काय करायचं? छोटं लोहचुंबक डबीच्या मागून हलकेच जवळ न्यायचं. ओढ जाणवली तर लोखंड, म्हणजे टिनटाइप असण्याची शक्यता दाट. नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगचं याहून स्वस्त उदाहरण मला तरी माहीत नाही.

वेट कोलोडियनची रेसिपीही ऐकण्यासारखी आहे. नायट्रोसेल्युलोज म्हणजे गनकॉटन, जे स्फोटक म्हणूनही वापरतात, ते ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, त्यात आयोडाइड-ब्रोमाइडचे क्षार घालायचे आणि ते पत्र्यावर किंवा काचेवर ओतायचं. मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचं, ओलं असतानाच एक्स्पोज करायचं आणि ओलं असतानाच फेरस सल्फेटने डेव्हलप करायचं. फिक्सिंगला हायपो किंवा चक्क पोटॅशियम सायनाइड! थर वाळला की काम संपलं. हे सगळं मिनिटांच्या हिशेबात, अंधाऱ्या खोलीत.

डावं कुठलं, उजवं कुठलं?

आता माझ्या डावऱ्या शिपायाकडे येऊ. फोटो उलटा का येतो?

भिंग प्रतिमा उलटी करतं हे आपण शाळेत शिकलो. पण ते वर-खाली आणि डावं-उजवं दोन्ही उलटं करतं, म्हणजे खरं तर प्रतिमा १८० अंशांत फिरवतं. प्लेटच्या मागे उभं राहून काचेतून आरपार बघितलं आणि प्लेट १८० अंशांत फिरवली, की सगळं जागच्या जागी येतं. पण प्रतिमेचा थर असतो भिंगाकडच्या बाजूला. टिनटाइप अपारदर्शक असतो, त्यामुळे त्याच्याकडे त्या पुढच्या बाजूनेच बघावं लागतं. मागून दिसणारी प्रतिमा पुढून बघितली की आरशातली होते. डगेरोटाइपचंही तेच. कागदी प्रिंटमध्ये निगेटिव्हवरून छापताना प्रतिमा पुन्हा एकदा उलटते, उणे गुणिले उणे अधिक, आणि फोटो सरळ येतो. अँब्रोटाइपची गंमत म्हणजे काच असल्यामुळे ती उलटी करून बसवली तर फोटो सरळही दिसू शकतो. म्हणजे अँब्रोटाइपबद्दल आधीच काही गृहीत धरायचं नाही, दरवेळी तपासायचं.

तपासायचं कसं? अक्षरं असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर कोटाकडे बघा. पुरुषांच्या कोटात डावी बाजू उजव्या बाजूवर येते. फोटोत उलट दिसलं तर फोटो उलटा. पायदळाच्या शिपायाची संगीन डाव्या कमरेला आणि काडतुसांची पेटी उजवीकडे. फोटोत उलट दिसलं तर फोटो उलटा. पण इथेही एक मेख आहे. काही शिपायांना, किंवा त्यांच्या फोटोग्राफरला, हे माहीत होतं. ते मुद्दाम बंदूक दुसऱ्या हातात घ्यायचे किंवा पट्टा उलटा चढवायचे, म्हणजे फोटोत सरळ दिसेल. तेव्हा एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. निदान दोन बघायच्या.

ही चूक करणारा मी एकटा नाही, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. 'बिली द किड' या कुप्रसिद्ध बंदूकबाजाचा एक टिनटाइप आहे. त्यात पिस्तूल डाव्या कमरेला दिसतं, म्हणून वर्षानुवर्षं लोक त्याला डावरा समजत होते. १९५८ साली हॉलिवूडने 'द लेफ्ट हँडेड गन' नावाचा सिनेमाही काढला! पण फोटोतल्या विंचेस्टर रायफलकडे बघितलं तर काडतुसं भरायची खाच डाव्या बाजूला दिसते, आणि त्या मॉडेलवर ती उजव्या बाजूला असायची. मशीनच्या माहितीने माणसाबद्दलची चूक दुरुस्त केली. मेकॅनिकलवाल्यांनी कॉलर ताठ करावी.

रंगांची फसवणूक

ब्लॅक अँड व्हाइट फोटोत गडद म्हणजे गडद आणि फिकट म्हणजे फिकट, असं आपण धरून चालतो. कोलोडियनच्या बाबतीत हे साफ चूक. तो थर निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देतो. लाल आणि पिवळा त्याला जवळजवळ दिसतच नाहीत. त्यामुळे झुआव्हची लालभडक विजार फोटोत काळी येते. पिवळी फीत काळपट येते. आकाशी निळी विजार पांढुरकी होते. निळे डोळे इतके फिके येतात की माणूस भुतासारखा दिसतो, आणि चेहऱ्यावरचे तांबूस ठिपके होते त्यापेक्षा गडद दिसतात.

म्हणजे 'फोटोत कोट करडा दिसतोय, म्हणून हा दक्षिणेचा शिपाई' हा निष्कर्ष दोन ठिकाणी फसतो. एक तर फोटोतला करडा म्हणजे खरा करडा असेलच असं नाही. दुसरं, खरा राखाडी असला तरी न्यूयॉर्कची सातवी रेजिमेंटही राखाडीच घालायची. भरीला काही स्टुडिओ हाताने रंग भरायचे : गालांना गुलाबी, बटणांना सोनेरी. तो रंग फोटोग्राफरच्या ब्रशचा असतो, कॅमेऱ्याचा नव्हे.

स्टुडिओतलं नाटक

एक्स्पोजरला काही सेकंद लागायचे. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून मागे लोखंडी स्टँड असायचा, त्याचा चिमटा डोक्याला टेकू द्यायचा. उभ्या शिपायाच्या बुटांमागे त्या स्टँडचे पाय दिसतात. 'हा स्टँड मेलेल्या माणसाला उभं करायला वापरायचे' अशी एक अफवा जोरात चालते. मित्रांनो, त्या स्टँडला माणसाचा भार पेलणारच नाही. स्टॅटिक्सचा पहिला चॅप्टर आठवा. तो जिवंत माणसाची मान स्थिर ठेवण्यापुरताच होता.

पण यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे स्टुडिओतल्या वस्तू. हातातलं पिस्तूल, कमरेचा सुरा, मागचा रंगवलेला पडदा, यातलं बरंच काही स्टुडिओचं असू शकतं. म्हणून शस्त्रावरून शिपायाचा हुद्दा किंवा शौर्य काढायचं नाही.

याचं एक ठसठशीत उदाहरण आहे. १८६१ च्या सुमाराचा एक टिनटाइप : शेजारी शेजारी दोन तरुण, एक गोरा, एक काळा, दोघे दक्षिणेच्या गणवेशात, दोघांच्या हातात शस्त्रं. गोरा म्हणजे ४४ व्या मिसिसिपी रेजिमेंटचा अँड्र्यू चँडलर. काळा म्हणजे सायलस चँडलर. 'काळे लोकही स्वखुशीने दक्षिणेच्या बाजूने लढले, हा बघा पुरावा' असं सांगायला हा फोटो वर्षानुवर्षं वापरला गेला. कागदपत्रं मात्र वेगळं सांगतात. सायलस हा चँडलर कुटुंबाचा गुलाम होता. मालकाच्या मुलाबरोबर त्याला युद्धावर पाठवलं होतं, शिपाई म्हणून नव्हे, चाकर म्हणून. २०१४ साली हा टिनटाइप लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आला. फोटोत काही खोटं नाही. कपडे खरे, माणसं खरी. खोटा आहे तो आपण काढलेला अर्थ.

तारीख कशी काढायची?

कार्त द व्हिजितच्या मागे छोटं तिकीट चिकटवलेलं असेल तर नशीब उघडलं. युद्धाचा खर्च भागवण्यासाठी अमेरिकन सरकारने १ सप्टेंबर १८६४ पासून फोटोंवर कर लावला आणि तो १ ऑगस्ट १८६६ ला काढला. आपल्या पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावतात तसा हा प्रकार. २५ सेंटपर्यंतच्या फोटोला २ सेंटचं तिकीट, ५० पर्यंत ३, एका डॉलरपर्यंत ५. तिकीट असलं की फोटो त्या २३ महिन्यांत विकला गेला. कर गोळा करणाऱ्यांनी इतिहासकारांवर नकळत केवढे उपकार केले!

पुठ्ठ्याच्या आकारावरूनही काळ कळतो. साधारण सव्वाचार इंच बाय साडेसहा इंचांचं मोठं कॅबिनेट कार्ड १८६६ च्या सुमारास आलं आणि पुढची तीस वर्षं चाललं. म्हणजे कॅबिनेट कार्डावरचा शिपाई 'यादवी युद्धातला' असं कुणी सांगितलं तर सावध व्हा. तो एक तर जुन्या फोटोची नंतर काढलेली प्रत असतो, किंवा नंतरच्या पिढीतला मिलिशियावाला.

ही नंतरची पिढी बरीच मोठी आहे. युद्धानंतर राज्यांच्या मिलिशियांना 'नॅशनल गार्ड' हे नाव रूढ झालं. हे नाव मूळ न्यूयॉर्कच्या त्या राखाडी कपडेवाल्यांचं, १८२४ साली फ्रेंच सेनानी लाफायेत यांच्या सन्मानार्थ घेतलेलं. १८८० च्या दशकात प्रशियन धर्तीची टोकदार हेल्मेटं आली. फोटोत तसं हेल्मेट असेल तर १८६१ विसरा. हे सगळे नुसते मिरवणारे शिपाई होते असंही नाही. जुलै १८७७ मध्ये रेल्वे कामगारांच्या संपात पिट्सबर्गला फिलाडेल्फियाच्या मिलिशियाने जमावावर गोळीबार केला आणि सुमारे २० माणसं मेली. सुबक कॅबिनेट कार्डावरची ती रुबाबदार पोरं त्याच व्यवस्थेचा भाग होती. १९०३ च्या कायद्याने १७९२ ची जुनी चौकट गेली आणि नॅशनल गार्डची घडी बसली.

बाजारात यादवी युद्धातल्या फोटोला भाव जास्त. त्यामुळे १८८५ चा गार्ड १८६१ चा वीर म्हणून खपतो. एकदा चुकीची चिठ्ठी चिकटली की पुढचा माणूस तिलाच पुरावा मानतो.

आता चेहऱ्याकडे

लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला जो संग्रह मी बघत होतो, तो मुख्यतः लिलजेनक्विस्ट कुटुंबाने दिलेला. २०१० साली त्यांनी सुमारे ७०० टिनटाइप आणि अँब्रोटाइप भेट दिले. त्यातल्या बहुतेकांची नावं कुणालाच माहीत नव्हती. मग वाटतं, आता आहे ना फेस रेकग्निशन, लावा!

तसा प्रयत्न झालाय. व्हर्जिनिया टेकमधले कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक कर्ट लुथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली 'सिव्हिल वॉर फोटो स्लूथ' सुरू केलं. मला आवडली ती त्याची रचना. सॉफ्टवेअर थेट चेहरा जुळवत सुटत नाही. आधी माणूस फोटोतल्या खुणा नोंदवतो : कोटाचा रंग, बाहीवरच्या पट्ट्या, टोपीवरचं चिन्ह. त्या खुणा लष्करी नोंदींशी ताडून यादी लहान केली जाते. मग चेहऱ्याच्या साम्यानुसार क्रम लागतो. आणि शेवटचा निर्णय पुन्हा माणसाचा.

असं का? साधं गणित करू. समजा आपल्याकडे ४०,००० ओळखीचे चेहरे आहेत, आणि समजा आपलं सॉफ्टवेअर हजारात एकदाच परक्या माणसाला 'हाच तो' म्हणतं. ९९.९ टक्के बरोबर! पण ४०,००० भागिले १,००० म्हणजे ४०. एका शिपायाचे ४० खोटे जुळे निघतील. तेच गणवेशावरून यादी आधी ४०० वर आणली, तर अपेक्षित खोटे जुळे ०.४, म्हणजे एकही नाही किंवा फार तर एखाद-दुसरा. चेहऱ्याच्या अल्गोरिदमला ताकद येते ती बक्कल, फीत आणि टोपीमुळे.

आता उलटा विचार करा. आरशातली प्रतिमा न ओळखता किंवा लाल विजारीला काळी समजून यादी चुकीची केली, तर खरा माणूस यादीबाहेर जातो. सॉफ्टवेअर मात्र गप्प बसत नाही. उरलेल्यांतला सगळ्यात जवळचा चेहरा ते आपल्यासमोर ठेवतं आणि आपल्याला वाटतं, सापडला! माझ्या डावऱ्या शिपायाचं नेमकं हेच झालं असतं.

सेमिनारच्या शेवटच्या स्लाइडवर मी हे पाच प्रश्न टाकले होते :

१. फोटो कशावर आहे?
२. तो सरळ आहे की आरशातला? निदान दोन खुणा दाखव.
३. दिसणारा रंग आणि खरा रंग यांत काय फरक असू शकतो?
४. कुठली वस्तू माणसाची आणि कुठली स्टुडिओची?
५. तारखेचा पुरावा फोटोवर आहे की कुणाच्या तरी बोलण्यात?

या पाचांनंतरच सहावा प्रश्न : हा कोण?

नाव लिहिण्याआधी

आता 'गोऱ्या' या शब्दाकडे. १७९२ च्या कायद्यात काळ्या माणसाला मिलिशियात जागा नव्हती. १८६२ च्या मिलिशिया कायद्याने तो दरवाजा किलकिला केला आणि पुढे काळ्या शिपायांच्या रेजिमेंटी उभ्या राहिल्या. लिलजेनक्विस्ट संग्रहात एक फोटो आहे. गणवेशातला काळा शिपाई, शेजारी बायको, आणि दोन लहान मुली सारख्या कपड्यांत. मुली कॅमेऱ्याकडे टक लावून बघतायत. हा फोटो संग्रहात आला तेव्हा त्यावर चौघांपैकी एकाचंही नाव नव्हतं. ज्या माणसाला सत्तर वर्षं कायद्यानेच गणवेश नाकारला, तो गणवेश घालून, घरच्यांना नटवून स्टुडिओत आला, आणि आपण त्याच्यावर 'बहुतेक अमुक असावा' म्हणून कुठलंही नाव चिकटवायचं? नाव नसलेल्या फोटोचा शोध चालू राहतो. चुकीचं नाव लागलं की शोध थांबतो, आणि खरा माणूस दुसऱ्यांदा हरवतो.

सेमिनार बरा झाला. (ग्रेड विचारू नका.) त्यानंतर दिवाळीला घरी गेलो तेव्हा आजीच्या ट्रंकेतले जुने फोटो काढून बसलो. मऊ पेन्सिल घेतली आणि आजी सांगेल तशी मागे नावं लिहीत गेलो. अकरा फोटोंपैकी दहांची नावं तिने धडाधड सांगितली. अकरावा फोटो तिने बराच वेळ हातात धरला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला आणि म्हणाली, "नाही रे आठवत."

आई म्हणाली, "नाशिकचे काका वाटतात, लिहून टाक." मी लिहिलं नाही. मागे एवढंच लिहिलं : 'नाव माहीत नाही. आजीच्या ट्रंकेतला.' आणि खाली तारीख.